वाचकांचे प्रश्न : ‘कुणाच्या वळणावर गेलंय हे?’

गेल्या अंकात आनुवंशिकतेबद्दल प्रश्न मागवले होते. पत्रांचा गठ्ठा दोन रात्री वाचत बसले. प्रश्न जनुकांबद्दल विचारलेले होते, पण बहुतेक पत्रांच्या मुळाशी एक धास्ती होती. हे माझ्यामुळे झालं का? माझ्या घराण्यामुळे झालं का? मी एकतीस वर्षं शाळेत जीवशास्त्र शिकवलं. निवृत्तीनंतर थॅलेसेमिया, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन नीट न बनण्याचा आनुवंशिक आजार, असलेल्या मुलांच्या आईवडिलांबरोबर बसून त्यांची वंशवेल कागदावर काढून देते. ही धास्ती मी रोज पाहते, म्हणून उत्तरं सविस्तर लिहिली आहेत. पत्रलेखकांची नावं छापलेली नाहीत.

प्रश्न : माझं वय एकोणीस. प्रयोगशाळेत आम्ही एकमेकींचे रक्तगट तपासले, माझा ‘ओ’ निघाला. आई आणि बाबा दोघांचाही ‘ए’ आहे. मैत्रीण सहज म्हणाली, “म्हणजे तू त्यांची नाहीस!” सगळ्या हसल्या, मीही हसले. पण तेव्हापासून झोप लागत नाही आणि घरी विचारायचा धीर होत नाही.

आधी झोप. ‘ए’ आणि ‘ए’ रक्तगटाच्या जोडप्याला ‘ओ’ गटाचं मूल होणं ही अगदी सरळ, नेहमीची गोष्ट आहे. रक्तगटावरून शंका घ्यायला इथे तिळाएवढीही जागा नाही.

घोळ होतो तो रक्तगट एका अक्षरात लिहिल्यामुळे. शरीरात त्या जागी दोन अक्षरं असतात, एक आईकडून आलेलं आणि एक बाबांकडून. ज्यांच्या अहवालावर ‘ए’ छापलेलं असतं, ते आतून ‘ए-ए’ असू शकतात किंवा ‘ए-ओ’. नेहमीच्या तपासणीत हा फरक दिसत नाही.

का दिसत नाही, ते जवळून बघू. आपल्या लाल रक्तपेशीच्या पृष्ठभागावर साखरेच्या रेणूंच्या बारीक साखळ्या असतात. ‘ए’ जनुकात एका एन्झाइमची कृती लिहिलेली असते, आणि हे एन्झाइम त्या साखळीच्या टोकाला एक ठरावीक साखर जोडतं. ‘बी’ जनुकाचं एन्झाइम त्याच जागी दुसरी साखर जोडतं. ‘ओ’ जनुकाच्या डीएनएच्या लिखाणातलं बहुतेक वेळा एकच अक्षर गळालेलं असतं. एक अक्षर गळालं की पुढचं सगळं वाचन एका घराने सरकतं आणि कामाचं एन्झाइम तयारच होत नाही. साखळीचं टोक तसंच बोडकं राहतं. ‘ए-ओ’ माणसात एक कृती धड असते आणि तेवढी पुरते, टोकांना साखर लागते, तपासणी ‘ए’ दाखवते. ‘ओ’ तिथेच असतो, नुसता गप्प. पुस्तकात ज्याला अप्रभावी म्हणतात तो हाच गप्पपणा.

आता तुझ्या आईबाबांकडे ये. दोघंही ‘ए-ओ’. प्रत्येक जण मुलाला दोनपैकी एकच अक्षर देतो, कुठलं ते ठरलेलं नसतं. मग चार शक्यता होतात: ए-ए, ए-ओ, ओ-ए, ओ-ओ. चौथी तू आहेस. उलट तुझ्या अहवालामुळे त्यांनाही ठाऊक नसलेली एक गोष्ट कळली, की दोघांकडेही एकेक ‘ओ’ आहे.

कुणी विचारेल, मग रक्तगटावरून काहीच सांगता येत नाही का? थोडंफार येतं. ज्याचा गट ‘एबी’, त्याच्याकडे द्यायला ‘ओ’ नसतोच, म्हणून त्याला ‘ओ’ गटाचं मूल होणार नाही असं पुस्तकं सांगतात. पण याही नियमाला फट आहे, आणि ती 1952 मध्ये मुंबईत सापडली. डॉ. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं रक्त आढळलं की जे नेहमीच्या तपासणीत ‘ओ’सारखं वागत होतं, पण ‘ओ’ गटाचं रक्तही त्याला चालत नव्हतं. ज्या साखळीच्या टोकाला ‘ए’ किंवा ‘बी’ची साखर लागायची, तिचा पायाच या माणसांत पुरा होत नाही, कारण तो पुरा करणारं जनुक वेगळं आहे आणि त्याच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असतात. त्यामुळे आत ‘ए’ किंवा ‘बी’ जनुक धडधाकट असलं तरी बाहेर दिसतं ‘ओ’. हाच बॉम्बे रक्तगट. म्हणून नेहमीच्या रक्तगट तपासणीच्या जोरावर कुणाच्या नात्याचा निवाडा कुणीच करू नये.

आज संध्याकाळी एक कागद घे, चार चौकोन काढ आणि ते आईला समजावून सांग. शंका होती हेही सांग. राग येणार नाही तिला.

प्रश्न : धाकट्याचे कुरळे केस ना माझे, ना यांचे. माझ्या आजोबांचे होते. सासूबाई म्हणतात, “आजोबा पोटी आले.” एखादी गोष्ट मधली अख्खी पिढी गाळून खाली कशी उतरते?

सासूबाईंचं निरीक्षण बरोबर आहे. फक्त कुरळेपणा एका जनुकाने ठरत नाही, त्यात बऱ्याच जनुकांचा हात असतो, म्हणून तुमच्या धाकट्याचा हिशेब मी नेमका मांडून देऊ शकणार नाही. पण पिढी गाळली जाते म्हणजे काय होतं, ते वाटाण्यावरून लख्ख दिसतं.

एकोणिसाव्या शतकात शिकलेसवरलेले लोकही वारसा म्हणजे दोन रंगांचं मिश्रण समजत. पांढऱ्यात काळा ओतला की राखाडी. हे खरं असतं तर आजोबांचे केस तुमच्यात निम्मे आणि मुलात पाव उरले असते, आणि चार पिढ्यांत सगळी माणसं एकसारखी झाली असती. आजच्या चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या मठात ग्रेगोर मेंडेल यांनी 1856 ते 1863 या काळात वाटाण्याची हजारो रोपं वाढवली आणि मोजली. मोजली, हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. गुळगुळीत दाण्याचा वाण आणि सुरकुतलेल्या दाण्याचा वाण यांचा संकर केला तर पहिल्या पिढीत सगळे दाणे गुळगुळीत निघाले. सुरकुती गेली म्हणायची. पण तीच रोपं आपल्याआपल्यात फळू दिली, तेव्हा पुढच्या पिढीत 5,474 गुळगुळीत आणि 1,850 सुरकुतलेले दाणे मिळाले. म्हणजे जवळजवळ तिनास एक. आणि परत आलेली सुरकुती निम्मीशिम्मी नव्हती, होती तशी पुरी होती.

इथे कुणीही थांबलं असतं. मेंडेल थांबले नाहीत. त्यांनी गुळगुळीत दाण्यांतून आलेली 565 रोपं पुन्हा तपासली. 193 रोपांनी फक्त गुळगुळीत दाणे दिले आणि 372 रोपांनी दोन्ही प्रकारचे. म्हणजे दिसायला सारख्याच दाण्यांपैकी सुमारे दोन तृतीयांश दाण्यांच्या पोटात सुरकुती लपलेली होती. तुमच्या मधल्या पिढीत असंच काहीसं झालं. गोष्ट पुसली गेली नाही, न दिसता पुढे गेली.

सुरकुती पडते कशी, हेही आता माहीत आहे. साखरेपासून फांद्याफांद्यांचं स्टार्च बनवणारं एक एन्झाइम त्या दाण्यात तयार होत नाही. साखर जास्त उरते, कोवळा दाणा जास्त पाणी धरतो, आणि वाळताना तो आत बसतो. मी वर्गात दोन्ही वाण भिजवून, सुरीने आडवे कापून, कापलेल्या भागावरचं पांढरं काचपट्टीवर खरवडून घ्यायची आणि आयोडिनचा थेंब सोडायची. गुळगुळीत दाण्याचे स्टार्चकण मोठे, लांबट, सलग दिसतात. सुरकुतलेल्याचे तडकल्यासारखे, तुकड्यातुकड्यांचे. आणि संकरित दाण्याचे? बाहेरून तो पुरता गुळगुळीत असतो, पण त्याचे स्टार्चकण दोन्हींच्या अधलेमधले असतात. म्हणजे दिसून येणाऱ्या प्रतीला लावलेला ‘प्रभावी’ हा शब्द आपण कुठून बघतो त्यावर ठरतो. नुसत्या डोळ्यांनी एक प्रत जिंकलेली दिसते, सूक्ष्मदर्शकाखाली दोन्ही प्रती हजर असतात.

प्रश्न : आमच्या पहिल्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे. आम्ही दोघंही वाहक आहोत. डॉक्टर म्हणाले, “चारात एक.” तो एक होऊन गेला, मग पुढची तीन मुलं निर्धोक समजायची का? आणि हे नेमकं कुणाच्या बाजूने आलं?

हे पत्र मी सगळ्यात आधी वेगळं काढून ठेवलं. वाहक म्हणजे ज्याच्याकडे त्या जनुकाची एक प्रत बिघडलेली आणि एक धड असते.

नाही, पुढचं मूल निर्धोक समजू नका. ‘चारात एक’ हा आकडा चार मुलांच्या रांगेला लागू नाही, तो प्रत्येक गरोदरपणाला नव्याने लागू होतो. नाणेफेकीत छापा पडला हे नाण्याच्या लक्षात राहत नाही, तसंच पहिल्या बाळाला काय मिळालं हे दुसऱ्या बीजांडाला ठाऊक नसतं. दुसऱ्या वेळी धोका एक चतुर्थांश, तिसऱ्या वेळीही एक चतुर्थांश. तुमच्यासारख्या जोडप्याला तीन मुलं झाली तर तिन्ही आजारातून सुटण्याची शक्यता 64 पैकी 27, म्हणजे निम्म्याहून कमी. ‘आमचा वाटा संपला’ असं समजून तपासणी न केलेली जोडपी मी पाहिली आहेत, म्हणून इतकं ठासून लिहिते आहे.

पुढच्या वेळी दिवस राहिले की लगेच डॉक्टरांना सांगा. साधारण अकराव्या ते चौदाव्या आठवड्यात वारेचा अगदी छोटा नमुना घेऊन बाळाचं जनुक तपासता येतं. त्यासाठी तुम्हा दोघांच्या जनुकात नेमका कुठे बदल आहे हे आधी माहीत असावं लागतं. ती तपासणी आत्ताच, घाई नसताना करून ठेवा. निकालानंतर काय करायचं हा निर्णय तुमचा दोघांचा. आनुवंशिकता सल्लागाराला भेटा, एकत्र भेटा.

जी मुलं आजारी नाहीत तीही वाहक असू शकतात. अशा मुलांत तिनातली दोन वाहक असण्याची शक्यता असते. वाहकाला सहसा त्रास काही नसतो, हिमोग्लोबिन जरा कमी आणि लाल पेशी आकाराने लहान. त्यामुळे बरेचदा लोहाची कमतरता समजून गोळ्या चालू राहतात. खरी ओळख पटते ती हिमोग्लोबिन ए-टू हा हिमोग्लोबिनचा एक प्रकार मोजल्यावर. बीटा थॅलेसेमियाच्या वाहकात ते साधारण साडेतीन टक्क्यांच्या वर जातं. तुमच्या दोघांच्या भावंडांनाही ही तपासणी करून घ्यायला सांगा. तुम्ही वाहक असाल तर सख्खं भावंडही वाहक असण्याची शक्यता किमान निम्मी.

आता ‘कुणाच्या बाजूने’. दोन्ही बाजूंनी. एकाच बाजूने आलं असतं तर मूल फक्त वाहक झालं असतं आणि तुम्हाला ते कदाचित कधी कळलंही नसतं. वंशवेल काढताना पुरुषाला चौकोन, बाईला गोल; वाहकाचा चौकोन किंवा गोल मी अर्धा रंगवते. आईचा अर्धा, वडिलांचा अर्धा, आणि खाली मुलाचा पूर्ण. तो कागद समोर ठेवला की बोट कुणाकडे दाखवायचं हा प्रश्न बहुतेक घरांत तिथेच थांबतो. तुम्हीही काढून बघा.

प्रश्न : मुलगा की मुलगी, याला ‘जबाबदार’ कोण?

बीजांडात नेहमी एक्स गुणसूत्र असतं. शुक्राणूत एक्स किंवा वाय. जो शुक्राणू पोचला त्यावर लिंग ठरतं: एक्सचा पोचला तर मुलगी, वायचा पोचला तर मुलगा. 1905 मध्ये नेटी स्टीव्हन्स यांनी एका भुंगेऱ्याच्या पेशी तपासल्या. मादीत वीस मोठी गुणसूत्रं होती, नरात एकोणीस मोठी आणि एक इवलंसं. तो इवलासा तुकडा, म्हणजे वाय, नराकडूनच पुढे जातो. म्हणजे यात आईचा हात नाही. आणि कोणता शुक्राणू पोचावा हे वडिलांच्याही हातात नाही, म्हणून ‘जबाबदार’ हा शब्दच मला मान्य नाही.

प्रश्न : माझ्या वडिलांना लाल-हिरवा रंग नीट ओळखता येत नाही. मी त्यांची मुलगी, मला येतो. माझ्या मुलाला त्रास होईल का? आणि मुलीला?

माझ्या थोरल्या भावाची गोष्ट सांगते. आम्ही दोघं एकाच पेटीतल्या रंगीत पेन्सिली वापरायचो. त्याने काढलेल्या झाडाचं खोड हिरवं आणि पानं तपकिरी. शिक्षकांना वाटायचं, लक्ष नाही. मार बसायचा. मग त्याने युक्ती काढली, माझ्याकडून पेन्सिलींवर चाकूने खुणा करून घेतल्या, हिरवीवर एक रेघ, तपकिरीवर दोन. तो बारा वर्षांचा होईपर्यंत हे घरात कुणाला कळलं नाही. आईच्या वडिलांनाही तसंच होतं, हे तर मी जीवशास्त्र शिकल्यावर कळलं.

वाट अशी आहे. डोळ्यातल्या लाल आणि हिरव्या रंगद्रव्याची जनुकं एक्स गुणसूत्रावर असतात. वडिलांचं एकुलतं एक एक्स तुमच्याकडे आलेलंच आहे, म्हणून तुम्ही नक्की वाहक आहात. तुमचं दुसरं एक्स आईकडचं, ते धड आहे, म्हणून तुम्हाला रंग दिसतात. मुलाला तुमच्या दोनपैकी एक एक्स मिळेल आणि झाकायला दुसरं नसेल, तेव्हा शक्यता निम्मी. मुलीला वडिलांचंही एक्स मिळतं. तुमच्या पतीला रंग नीट दिसत असतील तर तिला हा त्रास सहसा होणार नाही, पण ती वाहक असू शकते.

रसायनशास्त्रज्ञ जॉन डाल्टन आणि त्यांचा भाऊ, दोघांनाही हेच होतं. 1794 मध्ये डाल्टन यांनी त्याबद्दल निबंध वाचला. आपल्या डोळ्यातला द्रव निळा असावा असा त्यांचा तर्क होता आणि मृत्यूनंतर डोळे तपासावेत असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. 1844 मध्ये तपासले, द्रव स्वच्छ निघाला. डोळ्यांचे अवशेष मात्र जपून ठेवले गेले, आणि 1995 मध्ये त्यातल्या डीएनएने उत्तर दिलं: हिरव्या रंगद्रव्याचं जनुक नव्हतं.

मुलगा चार-पाच वर्षांचा झाला की रंगांच्या ठिपक्यांची तपासणी करून घ्या आणि तसं निघालं तर शाळेत लगेच सांगा. बाकी काही करावं लागत नाही, पण एवढं कराच.

प्रश्न : आम्ही दोघंही व्यायामाने शरीर कमावलंय. ते बाळाला मिळेल?

कमावलेलं मिळत नाही. जर्मन जीवशास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमन यांनी पाच पिढ्या उंदरांच्या शेपट्या कापल्या, पिल्लं शेपटीसकटच जन्मली. बाळाला व्यायामाची आवड लावता येईल, ती वाट वेगळी आहे.

प्रश्न : मी आठवीला विज्ञान शिकवते. जीभ दोन्ही कडांनी वळवून नळी करता येणं हे प्रभावी जनुकाचं उदाहरण म्हणून मुलांकडून करून घेतलं जातं. घेऊ का?

कृपा करून घेऊ नका. यामागे एक मुलगी आहे.

नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत मी हा तास उत्साहाने घेतला. जीभ वळवता येणं प्रभावी, म्हणजे आईवडील दोघांनाही येत नसेल तर मुलाला येणारच नाही, असं फळ्यावर लिहिलं आणि घरी विचारून या म्हणाले. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उठली. तिला जीभ वळवता येत होती, घरी दोघांनाही येत नव्हती. मी म्हणाले, “असं होणार नाही, पुन्हा विचार.” ती पुन्हा विचारून आली, उत्तर तेच. मी वर्गासमोर तिसऱ्यांदा विचारलं. त्यानंतर ती दोन दिवस शाळेत आली नाही.

चूक माझी होती. जीभ वळवण्याचा हा नियम 1940 मध्ये जनुकशास्त्रज्ञ आल्फ्रेड स्टर्टेव्हंट यांनी सुचवला होता. पण 1952 मध्ये एकसारख्या जुळ्यांच्या 33 जोड्या तपासल्या तेव्हा सात जोड्यांत एकाला जीभ वळवता येत होती आणि दुसऱ्याला नाही. जनुकं तीच, जीभ वेगळी. 1965 मध्ये खुद्द स्टर्टेव्हंट यांनी लिहिलं की हे अजूनही मेंडेलच्या नियमाचं पक्कं उदाहरण म्हणून छापलं जातं याचा त्यांना संकोच वाटतो. मी तो तास घेतला तेव्हा हे लिहून बरीच वर्षं झाली होती. माझ्यापर्यंत पोचलं नव्हतं, आणि मी शोधलंही नव्हतं.

कानाची पाळी चिकटलेली की सुटी, कपाळावरची केसांची टोकदार रेघ, हीही उदाहरणं एका जनुकाची नाहीत. उंचीचं तर विचारूच नका: 2022 च्या एका अभ्यासात, चोपन्न लाख माणसांच्या माहितीतून, उंचीशी जोडलेली डीएनएमधली बारा हजारांहून अधिक ठिकाणं सापडली. वर्गातल्या मुलांच्या अंगावरचं काहीच उदाहरणासाठी घेऊ नका. कुणाच्या घरी दत्तक मूल असतं, कुणाची आई दुसरी असते, आणि त्या पोरांना तुमच्या गृहपाठाचं उत्तर द्यावं लागतं.

त्याऐवजी दोन रंगांचे मणी घ्या. प्रत्येक मुलाला दोन पिशव्या द्या, दोन्हींत निम्मे पिवळे, निम्मे हिरवे. न बघता दोन्हींतून एकेक मणी काढायचा, जोडी वहीत लिहायची, मणी आपापल्या पिशवीत परत. प्रत्येकी वीस वेळा. एका मुलाचे आकडे वेडेवाकडे येतील, कुणाला एकही हिरवी-हिरवी जोडी मिळणार नाही, कुणाला नऊ मिळतील. ते फळ्यावर तसंच लिहा, खोडू नका. मग चाळीस मुलांच्या आठशे जोड्यांची बेरीज करा. हिरवी-हिरवी दोनशेच्या आसपास येते. माझ्या शेवटच्या वर्गात 194 आली होती, आणि बेरीज करणाऱ्या मुलाने ती तीनदा तपासली, कारण त्याच्या स्वतःच्या वहीत शून्य होतं.